आमची वाटचाल: सप्टेंबर २००२ ची ती रात्र

इंटरनेट सेवेत उतरलो तेव्हा भागीदाराने आणि मी वेब सर्व्हर म्हणून अपाचे १.३ घेतला. शेकडो साइट एकाच मशीनवर ठेवायच्या, तर प्रत्येकाची स्क्रिप्ट ज्याच्या-त्याच्या युजरनेच चालली पाहिजे. अपाचेच्या सुएक्झेक या सोयीमुळे ते जमत होतं. जुलै २००१ मध्ये कोड रेड या स्वतःहून पसरणाऱ्या वर्मने मायक्रोसॉफ्टचा आयआयएस सर्व्हर वापरणाऱ्यांची झोप उडवली. आमच्या लॉगमध्ये फक्त त्याच्या फसलेल्या प्रयत्नांच्या ओळी पडत राहिल्या. निवड बरोबर ठरल्याचा अभिमान वाटला.

पुढच्याच वर्षी स्लॅपर या वर्मने आमचा सर्व्हर धरला. तो ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतल्या चुकीतून शिरायचा. त्या चुकीची दुरुस्ती जुलैअखेर आली होती आणि आम्ही नवी लायब्ररी लगेच टाकलीही होती. पण अपाचे बंद करून पुन्हा सुरू केला नव्हता! चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनीच लायब्ररी होती. सहा आठवडे आम्ही निर्धास्त. मग एका रात्री यूडीपी पोर्ट २००२ वरच्या ट्रॅफिकने बाहेरची लाइन भरली, डायल-अपवाल्यांची मेलसुद्धा उघडेना. टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये 'डॉट बगट्रॅक डॉट सी' ही फाइल सापडली. वर्मने स्वतःचा सोर्स आणून आमच्याच जीसीसी या कंपायलरने कंपाइल केला होता. अपाचेची मॉड्यूल बांधायला तो कंपायलर मीच तिथे ठेवला होता. ते अजून सलतं.

त्याच आठवड्यात एका प्रतिस्पर्ध्याने आमच्या ग्राहकांना फोन लावले: "फुकटच्या सॉफ्टवेअरवर धंदा केला की असंच होतं." कोड रेडमध्ये त्याचे सर्व्हर किती दिवस बंद होते, हे कुणी विचारलं नाही. बरेच ग्राहक गेले. एक प्रकाशक मात्र स्वतः ऑफिसात आले. "कधी सुरू होणार ते राहू द्या. पुन्हा होऊ नये म्हणून काय करताय?" मी कागदावर लिहून दिलं: नवी डिस्क, नवं इन्स्टॉलेशन, बॅकअपमधून फक्त मजकूर, एन्क्रिप्शनची नवी खाजगी की, कंपायलर हद्दपार, टेम्प नोएक्झेक (तिथून प्रोग्राम चालू नये म्हणून). तो कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

नवीन सेवा काढणाऱ्यांना सांगतो, अपाचेची सर्व्हरटोकन्स ही सेटिंग 'प्रॉड' ठेवा, म्हणजे आवृत्ती बाहेर दिसत नाही, पण त्यावर विसंबू नका. 'अपाचे' हे नाव तरीही दिसतंच. लायब्ररी बदलली की सर्व्हर पूर्ण थांबवून सुरू करा आणि उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफ या आज्ञेने पाहा, पुसलेली जुनी फाइल कुणी धरून बसलंय का.

मधली वर्षं बरी गेली. पुढे एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर आला. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक जाहीर झाली, तेव्हा दुरुस्त आवृत्ती १.०.१जी टाकून सगळे सर्व्हर थांबवले, सुरू केले, एकेक प्रोसेस तपासली. मग किज आणि सर्टिफिकेटं बदलायला घेतली. पहिलं सर्टिफिकेट बदललं ते त्या प्रकाशकांचं.