रियालचे ठिपके

भुजहून रिक्षाने अजरखपूरला पोचले आणि आधी वास आला. आंबूस, गंजका. अंगणातल्या पिंपात भंगार लोखंड, गूळ आणि पाणी आंबवत ठेवलं होतं. अजरख म्हणजे ठशांनी छापलेलं कापड; त्यातला काळा रंग तो हाच. चिंचोक्याचं पीठ घालून शिजवला की छापायला तयार.

आत चाचा लांबलचक टेबलाशी उभे राहून छापत होते. एका नक्षीला एक ठसा पुरत नाही. चुना-डिंकाचा एक, काळ्याचा वेगळा, तांबड्यासाठी तुरटीचा वेगळा, आणि प्रत्येक आधीच्यावर नेमका बसायला हवा. पेन्सिलीची खूण नाही, नुसता अंदाज. ठसा टेकवायचा, वर मुठीचा ठोसा, पुढे.

नक्ष्या कशा बदलतात असं विचारलं, तर त्यांनी फळीवरून दोन ठसे काढले. दोन्ही ‘रियाल’, म्हणजे नाणं. एक धमडक्याचा, म्हणजे जुन्या गावचा, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. दुसरा अलीकडे पेथापूरहून कोरून आणलेला. चिंधीवर दोन्ही शेजारी-शेजारी उठवले. जुन्यात फुलाभोवती ठिपके होते, पण फुगून एकमेकांना चिकटलेले. नव्यात ठिपके नाहीतच, सलग कडं. सागवान रोज रंगात भिजतं, धुतलं जातं, झिजतं. झिजलेला ठसा पाहूनच पुढचा कोरतात. कोरणाऱ्याला कडं दिसलं, त्याने कडं कोरलं.

कैरोजवळ फुस्तातला सापडलेले गुजरातचे छापील सुती तुकडे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत, त्यांतले काही हजारेक वर्षांपूर्वीचे. फोटो मी फोनमध्ये नेले होते. मला वाटलं, चाचा भारावून जातील. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला नि म्हणाले, “बेन, इधर जोड चूक गया है.”

पण झिजेपेक्षा मोठा फरक गिऱ्हाइकाने केला. अजरख ही मालधारींची, गुरं राखणाऱ्यांची वस्तू. लुंगी, पागोटं, खांद्यावरचं कापड. चहूबाजूंनी किनार आणि मध्ये दाट नक्षी. पुढे स्वस्त कृत्रिम कापड आलं आणि मालधारी तिकडे वळले. १९७०च्या दशकात धमडक्याच्या खत्री महंमद सिद्दीक यांनी नैसर्गिक रंग पुन्हा धरले, ते शहरी गिऱ्हाइकाच्या भरवशावर. २००१च्या भूकंपानंतर धमडक्याचं पाणी बिघडलं. त्यात लोह वाढलं, रंग नीट उठेनात, म्हणून बरीच कुटुंबं इथे येऊन वसली.

शहरात साडी हवी. साडीला पदर हवा, आणि अंगभर दाट नक्षी मात्र नको असते. मग रियाल सुटा झाला, आकाराने वाढला, भोवती नुसता तांबडा मोकळा. चाचा तीनातला एकच ठसा वापरून फिकी ओढणीही करतात. “ये आप लोगों की पसंद है,” म्हणाले. तक्रार होती की नाही, कळलं नाही. मी गप्प बसले, कारण माझ्याच ब्लाउजवर शिंप्याने अख्खा रियाल काखेत अर्धा कापलाय.

जुन्या ठशाचं काही मिळेल का, विचारलं. एक ओढणी होती, पण नुकतीच निळीतून काढलेली, ओली. वाळायला, मग धुवायला अजून दोन दिवस. माझी गाडी रात्रीची.

घेऊन आले ती कड्याची.