बर्टलमन स्लाइड: अकरावा आठवडा

शनिवारी सकाळी मागची चाकं घासत पूर्ण अर्धं वर्तुळ फिरली आणि मी अजून स्केटबोर्डच्या फळीवरच होतो! अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. डावा हातमोजा तळव्यावर फाटलाय, पण आनंद पोटात मावत नाहीये.

नवीन मंडळींसाठी: लॅरी बर्टलमन हा हवाईचा सर्फर. लाटेवर इतका खाली जायचा की हात पाण्याला लागायचा. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या झेफर या स्केटबोर्ड टीमच्या पोरांनी तेच डांबरावर आणलं. एक हात जमिनीला टेकवायचा आणि त्याच्याभोवती फळी फिरवायची, हाच बर्टलमन स्लाइड. 1975 मध्ये डेल मारच्या स्पर्धेत झेफरची पोरं, म्हणजे जे अॅडम्स, टोनी अल्वा, पेगी ओकी, अशी वाकून उतरली, तेव्हा बाकीचे बहुतेक जण ताठ उभे राहून गिरक्या घेत होते.

इतके दिवस हे वाकणं मला निव्वळ ऐट वाटायचं. मग मुद्दाम जुन्या काळची टणक ‘क्ले’ चाकं मिळवून लावली आणि डोळे उघडले. हरभऱ्याएवढा खडा आला की चाक जागीच अडतं आणि आपण पुढे जातो. जरा कललात की बोर्ड अंगाखालून निघून जातो. त्यावर ताठ उभं राहण्यावाचून गत्यंतर नाही. 1960 च्या दशकातली पोरं याच चाकांवर फिरायची, आणि 1965 नंतर स्केटबोर्डचं वेड ओसरलं त्यात या चाकांचा वाटा मोठा आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेन या लवचिक प्लास्टिकची चाकं बाजारात आणली. ती डांबराला धरून राहतात, म्हणून अंग झोकून देता येतं. ती ऐट खरं तर चाकातून आलीये.

माझी चूक वजनाची होती. मी मागच्या पायावर बसायचो, मग मागची चाकं सुटणार कशी? आता पुढचा गुडघा छातीशी, भार पुढच्या पायावर आणि हातावर. हात पुढच्या चाकांच्या बाजूला टेकतो, मागे नाही. मग मागचा पाय सरळ करत चाकं बाहेर ढकलायची. सुटताना खर्रर्र असा लांब आवाज येतो, तो आला की समजायचं जमलं.

हे सगळं सपाट पार्किंगमध्ये. झेफरची पोरं शाळांच्या आवारातल्या डांबरी उतारांवर करायची, तसा लहान उतार बागेमागे सापडलाय. दुसऱ्या बाजूने स्लाइड अजून एकदाही जमलेला नाही. हातमोज्यांचे दोन जोड आणून ठेवलेत.