कूलर मिळेल, पण खरेदीच्या भावाचं काय?

अमेरिकेत किराणा दुकानांना सरकारी अनुदान मिळतं, हे आपल्याकडच्या लोकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. 2004 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने 3 कोटी डॉलर घालून अशी योजना सुरू केली, पुढे 2014 च्या शेती विधेयकातून केंद्रीय कृषी खात्यातही ती आली. ज्या कमी उत्पन्नाच्या ग्रामीण भागात बऱ्याच लोकांना सुपरमार्केट 10 मैलांहून लांब पडतं, तो भाग फूड डेझर्ट. तिथलं दुकान टिकावं म्हणून पैसा द्यायचा. असे अर्ज तपासणं हे माझं काम.

पश्चिम कॅन्ससमधलं एक गाव. चहूकडे गहू आणि दुकान एकच. ते बंद पडलं तर दुधासाठी बत्तीस मैल गाडी हाकायची, आणि गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी गाडी चालवणं कधीच सोडलंय. अर्ज होता दूध-दही थंड ठेवायच्या कूलरसाठी. जुना कूलर पुढून सताड उघडा, कॉम्प्रेसर सारखा धडधडतोय, खाली ठिबकणारं पाणी टिपायला टॉवेल अंथरलेला. विजेचं बिल पाहिलं आणि काचेच्या दाराचा नवा कूलर मंजूर करायची शिफारस मनात पक्की झाली.

मी कागद आवरायला लागले, तेवढ्यात मालकीणबाईंनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले.

"हेही बघून घ्या," त्या म्हणाल्या.

एक होतं होलसेलरचं इन्व्हॉइस, दुसरी शहरातल्या एका मोठ्या साखळी दुकानाची साधी पावती. कॉर्नफ्लेक्सचा तोच खोका होलसेलरकडून त्यांना 4 डॉलर 62 सेंटला पडत होता. साखळी दुकानात तोच, सगळा नफा धरून, 4 डॉलर 28 सेंटला विकायला ठेवलेला. म्हणून त्या रविवारी स्वतःची गाडी घेऊन जायच्या, चार गिऱ्हाइकांसारख्या रांगेत उभ्या राहून माल घ्यायच्या आणि सोमवारी आपल्या फळीवर लावायच्या. होलसेलर सोडताही येत नव्हता, कारण दूध आणि भाजी आणणारा ट्रक त्याचाच. आणि आठवड्याची किमान ऑर्डर भरली नाही तर तो ट्रकही गावाकडे वळणार नाही.

मी ते दोन आकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिले. आपल्याकडे कंपनीचा सेल्समन अगदी छोट्या किराणा दुकानातही येतो, एखाद-दुसऱ्या बॉक्सची ऑर्डर घेऊन जातो, आणि छापील एमआरपी गावात काय, शहरात काय, एकच. इथे तसं काही नाही. मोठ्या खरेदीदाराला एक भाव आणि छोट्याला दुसरा, असा भेदभाव रोखण्यासाठीच 1936 चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा आहे, पण 1980 च्या दशकापासून त्याची अंमलबजावणी जवळजवळ थांबली. याचा भुर्दंड कोणाला बसतो ते त्या काउंटरवर दिसत होतं. सरकारी मदतीच्या ईबीटी कार्डावर महिना काढणारी बाई त्याच खोक्यासाठी शहरातल्या माणसापेक्षा जास्त पैसे मोजते.

आमच्या फॉर्ममध्ये यंत्रसामग्रीला रकाना आहे, छपराला आहे, बिलिंग मशीनला आहे. माल कोणत्या भावाने मिळतो, हे कुठेच विचारलेलं नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. कूलरमुळे वीज वाचेल, दूध नासणार नाही, ते हवंच. पण खरेदीतच मार खाणाऱ्या दुकानाला आपण किती वर्षं यंत्रं पुरवणार?

नॉर्थ डकोटातल्या वॉल्श काउंटीत पार्क रिव्हर, एडिनबर्ग आणि हूपल या गावांच्या दुकानांनी सहकारी संस्था काढून एकत्र खरेदी सुरू केली, हे मला माहीत होतं. मालकीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथे शेजारच्या गावच्या दुकानदाराला फोन लावला. तोही रविवारी त्याच साखळी दुकानात खरेदीला जात होता!

कूलरची शिफारस मी त्याच आठवड्यात केली. सोबत दोन्ही पावत्यांच्या प्रती जोडल्या आणि वेगळी टिप्पणी लिहिली: खरेदीच्या भावाचा रकाना फॉर्ममध्ये घ्यावा, आणि दोन-तीन दुकानं मिळून ऑर्डर देणार असतील तर सामायिक शीतगृह आणि गाडीचा खर्चही अनुदानात धरावा. पुढच्या बैठकीत हा विषय घेतलाय. मालकीणबाईंनाही बोलावलंय.