तुम्ही विचारलंत म्हणून : पोस्टर किती लावायची?

विद्यापीठातल्या विद्यार्थी निवडणुकांच्या कामात मी बरीच वर्षं आहे, मतं मागणाऱ्यांच्या नव्हे, मोजणाऱ्यांच्या बाजूने. दर वर्षी अर्ज भरायला आलेली मुलं एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारतात, 'सर, इथे मत द्यायला कुणी येतच नाही, मग प्रचार करून उपयोग काय?' आणि लगेच, जरा आवाज खाली आणून, 'पोस्टर किती लावायची?'

उपयोग आहे, चांगला आहे. पण तो पोस्टरचा नाही, हे ऐकलं की मुलं हिरमुसतात. रात्र जागून डिझाइन केलेलं असतं बिचाऱ्यांनी. पोस्टरने नाव ओळखीचं होतं. मत द्यायचंच असं ज्याने ठरवलंय, त्याला मतपत्रिकेवरच्या चार अनोळखी नावांतलं एक कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं. जो येणारच नव्हता, तो पोस्टर पाहून येत नाही.

याचा सगळ्यात गाजलेला पुरावा विद्यापीठाबाहेरचा आहे. अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात सुमारे ३०,००० मतदारांवर एक प्रयोग केला. मतदान करा, असं काहींना घरी जाऊन सांगितलं, काहींना टपालाने पत्रकं पाठवली, काहींना व्यावसायिक कॉल सेंटरमधून फोन केले. समोरासमोर सांगितल्याने मतदान ठळकपणे वाढलं, पत्रकांनी किंचित वाढलं, फोनने वाढल्याचं दिसलं नाही. हे विद्यार्थी नव्हते, मान्य. पण तेव्हा फोनवर जे यांत्रिक बोलणं होतं, तेच आज तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डमध्ये असतं. तो संदेश सगळ्यांसाठी असतो, म्हणून कुणासाठीच नसतो.

बरं, समोर जाऊन विचारायचं काय? 'मत दे हं' म्हटल्यावर 'नाही' कुणीच म्हणत नाही. तो होकार घेऊन उमेदवार खुशीत वहीत टिक करतो, आणि मतमोजणीच्या संध्याकाळी मित्रांवर चिडतो. त्यापेक्षा असं विचारावं : गुरुवारी तुझं प्रॅक्टिकल कितीला संपतं? तिथून केंद्रावर कुठल्या वाटेने जाशील? ओळखपत्र जवळ असतं ना? २००८ च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, पेनसिल्वेनियात डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स या अभ्यासकांनी मतदारांना फोनवर असेच प्रश्न विचारून पाहिले : कितीला जाल, कुठून जाल, त्याआधी काय करत असाल? नुसता आग्रह केलेल्यांच्या मानाने हे प्रश्न विचारलेल्यांत मतदान जास्त झालं. आणि गंमत म्हणजे हा परिणाम मुख्यतः ज्या घरात एकच मतदार होता तिथे दिसला. जिथे अनेक मतदार होते, तिथे बहुधा त्यांचं आपसात ठरतच असावं. (इथे फोन चालला, हे आमच्या चाणाक्ष विद्यार्थ्यांच्या नजरेतून सुटत नाही. चालला, तो बहुधा पलीकडचा माणूस नुसतं ऐकवत नव्हता, विचारत होता म्हणून.)

याच निकरसन यांनी डेन्व्हर आणि मिनियापोलिस या अमेरिकी शहरांत प्रत्येकी दोन मतदार असलेल्या घरांवर केलेला प्रयोग मला आणखी महत्त्वाचा वाटतो. दार उघडणाऱ्याला मतदानाचं सांगितलं, तर त्याच्यावर झालेल्या परिणामाचा सुमारे ६० टक्के भाग घरातल्या दुसऱ्यापर्यंतही पोचला, त्याच्याशी कुणी एक शब्द बोललेलं नसताना. होस्टेलमध्ये राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. खोलीतली एक निघाली की दुसरी चप्पल शोधायला लागते.

दिल्लीतली दोन विद्यापीठं शेजारी ठेवून पाहा. मार्च २०२४ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत ७३ टक्के मतदान झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली विद्यापीठात ते ३५ टक्क्यांच्या आसपास राहिलं. पैसा आणि छापील कागद कुठे जास्त होता, हे सांगायची गरज नाही. दिल्ली विद्यापीठात भिंती इतक्या रंगल्या की त्या साफ होईपर्यंत उच्च न्यायालयाने मतमोजणीच रोखून धरली, निकाल लागायला नोव्हेंबर उजाडला. अर्थात ही तुलना सरळ नाही. एकीकडे बहुतेक विद्यार्थी आवारातच राहणारे आणि मतदार काही हजार, दुसरीकडे शहरभर विखुरलेली कॉलेजं आणि लाखावर मतदार. पण मुद्दा तोच तर आहे : होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरणं, मेसमधली भाषणं, अध्यक्षपदाच्या उमेदवारांची रात्री रंगणारी जाहीर चर्चा, हे सगळं माणसं एका ठिकाणी राहतात तिथे जमतं. घरून येऊन तास संपताच बस पकडणाऱ्या मुलीला गाठायचं तर तासाआधीची दोन मिनिटंच हातात असतात.

आता जे मुलांना आवडत नाही ते सांगतो. एकूण मतदान वाढावं असं उमेदवाराला वाटत नसतं. त्याला त्याची मतं वाढायला हवी असतात. तो आपल्या विभागात, आपल्या गावच्या पोरांत, आपल्या नाटकाच्या ग्रुपमध्ये फिरतो. दुसरा दुसरीकडे फिरतो. मतदानाचा एकूण आकडा म्हणजे या ओळखीपाळखींची बेरीज. त्या बेरजेत जे येत नाहीत, म्हणजे नुकते आलेले पहिल्या वर्षाचे, संध्याकाळच्या वर्गाचे, प्रयोगशाळेत दिवस काढणारे संशोधक, त्यांच्याकडे कुणीच फिरकत नाही. मग तेच 'उदासीन' ठरतात! त्यांना विचारलंच नाही कुणी. चुरस नसली की बेरीजही उरत नाही. एकच अर्ज आलेल्या पदासाठी कोण कशाला उन्हात उभं राहील? ब्रिटनमधल्या विद्यार्थी संघटनांनी यावर छान तोड काढली आहे. तिथे मतपत्रिकेवर 'अर्ज पुन्हा मागवा' हाही एक उमेदवारच असतो, आणि कधीकधी त्याचाही चक्क प्रचार होतो.

निवडून आलेल्या विद्यार्थी परिषदेला खरंच किती अधिकार आहेत, हा प्रश्न उरतो. माझ्या मते न येणाऱ्यांचं सगळ्यात रास्त कारण हेच. वसतिगृह बांधून देतो, नोकऱ्या आणतो, असं म्हणणाऱ्याला मुलं हसतात आणि बरोबर करतात. परिषदेच्या हातात कार्यक्रमांचा निधी असतो, काही समित्यांवर बसायची खुर्ची असते, ग्रंथालयाच्या वेळेसाठी भांडायची सोय असते. गेल्या वर्षी निधी कुठे गेला हे एका कागदावर लिहून वाटणारा उमेदवार मला फार क्वचित दिसला आहे. असा कागद पोस्टरपेक्षा स्वस्त पडतो आणि वाचलाही जातो.

ऑनलाइन मतदानाचंही विचारता. ठेवा, संशोधकांची आणि बस पकडणाऱ्यांची सोय होते, आणि कोणी अजून मत दिलं नाही ते पाहून निवडणूक समितीला फक्त त्यांनाच आठवण करता येते. पण लिंक मेलच्या ढिगात गाडली जाते, तेव्हा फुकटची वाढ धरू नका. आणि एक अट मी दर वर्षी लिहून घेतो : मतदाराच्या फोनवर मतपत्रिका उघडी असताना उमेदवार किंवा त्याचा कार्यकर्ता शेजारी उभा दिसला, तर तक्रार थेट समितीकडे. 'दाखव, इथेच दे, मी थांबतो' हा प्रचार नाही. मतपेटीच्या खोलीला निदान पडदा असायचा.