चोवीस फूट बाय आठ फूट

स्मरणिकेसाठी लिही म्हणून आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे मागे लागले, तोवर गॅदरिंग, सहल आणि हेडमास्तरांची छडी हे विषय बाकीच्यांनी पळवले होते. मला मैदान उरलं. बरंच झालं, कारण वर्गात लक्षात राहावं असं माझं काही नव्हतंच.

आपल्या मैदानावर तेव्हा कबड्डी आणि खो-खो चालायचा. वखारींतून तंबाखूची धूळ उठायला लागली की शिंकत शिंकत क्रिकेट. फुटबॉल मला पहिल्यांदा दिसला तो टीव्हीवर, १९८६ च्या जूनमध्ये. गल्लीत एकाच घरी ब्लॅक अँड व्हाइट सेट होता. मेक्सिकोतली वर्ल्ड कपची फायनल आपल्याकडे रात्री साडेअकराला लागली. अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला ३-२ असं हरवलं तोवर निम्मे मित्र सतरंजीवर आडवे झाले होते. मॅराडोना तेवढा ध्यानात राहिला. बाकी सगळ्या पडद्यावर पळणाऱ्या करड्या मुंग्या.

खरी मॅच पाहिली ती पुढच्या वर्षी, उन्हं तापायला लागली तेव्हा. मी आठवीत. मामाकडे कोल्हापूरला गेलो होतो. निपाणीकरांना सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी लिहितो: कोल्हापूर आम्हाला चाळीसेक किलोमीटर. सौंदलगा, कोगनोळी, मग दूधगंगेचा पूल आणि पलीकडे कागल. लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, पाहुणेरावळे सगळं त्याच दिशेला. जिल्ह्याचं ठिकाण बेळगाव, ते जवळजवळ दुप्पट लांब. तिकडे जायचं ते कागदासाठी.

कोल्हापूरच्या फुटबॉलचं एक आहे, तिथले संघ तालमींचे आणि पेठांचे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब ही नावं तिथलं पोर पाढ्यांआधी शिकतं. कोण कुणाच्या बाजूचा हे विचारावं लागत नाही, घर कुठे आहे तेवढं विचारायचं. माझं घर निपाणीत, त्यामुळे मी मोकळा होतो. मामाने शाहू स्टेडियमच्या दारातच तो प्रश्न मिटवला. "भाच्या, आज तू आपल्यातला. तिकडच्यांनी गोल घातला तर मान वर करायची न्हाई." मामाची पेठ कुठली ते मी इथे लिहीत नाही. ही स्मरणिका तिकडेही जाणार, आणि समोरच्या पेठेत आता आमची सोयरीक झाली आहे.

पायऱ्या अशा तापल्या होत्या की माणसं पेपर नाहीतर काढलेली चप्पल बुडाखाली घेऊन बसली होती. आम्हाला जागा मिळाली ती एका गोलच्या बाजूला, अगदी खाली. टीव्हीवर जे अजिबात कळलं नव्हतं ते इथे पहिल्या पाच मिनिटांत कळलं: या खेळाला आवाज आहे. बुटाचा बॉलवर बसलेला फटका आधी दिसायचा आणि लांबचा असला तर धप्पकन आवाज जरा मागून यायचा. जवळ आले की खेळाडूंचे श्वास ऐकू यायचे. आणि गोलकीपर! मला वाटायचं त्याला काम नसतं. तो गडी सारखा ओरडत होता. "डावीकडं माणूस सोडलाय! घे त्याला! बाहेर पड, बाहेर!" बॉल पार पलीकडच्या गोलपाशी असला तरी याचं चालूच.

शेजारी मिशाळ, टोपीवाले एक आजोबा होते. मी बॉलबरोबर मान फिरवतोय हे बघून त्यांनी चंचीतून तंबाखू काढता काढता मला दटावलं, "बॉलकडं काय बघतंयस? बॉल न्हाई त्येच्याकडं बघ." मग त्यांनीच ऑफसाइड समजावला. पुढचा गडी कुठे पोचला हे बघायचं नाही, मागच्याने पास दिला त्या घडीला तो कुठे उभा होता ते बघायचं. बचाव करणाऱ्यांतला शेवटून दुसरा माणूस धरायचा, आणि गोलकीपरही त्या मोजणीत येतो. एवढं नीट भूमितीही मला कुणी शिकवली नव्हती. लाइनमनचा झेंडा वर गेला की आजोबा मात्र हे सगळं विसरून त्याच्या घराण्यावर जायचे. त्यातलं एकही वाक्य स्मरणिकेत छापता येणार नाही.

हाफटाइमला मामा भडंग आणायला गेला आणि मी गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्याआधी आमचा गोल म्हणजे दोन विटा. वरच्या दांडीचा प्रश्न कीपरच्या उंचीवर सुटायचा, म्हणून बुटक्या पोराला कीपर करायला सगळे टपलेले. रोज निम्मा वेळ "डोक्यावरनं गेला" आणि "न्हाई गेला" यातच. इथे ती पांढरी दांडी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती आणि दुसरा खांब लांब कुठेतरी. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच, हे आकडे नंतर कळले. त्या वेळी एवढंच वाटलं की एवढ्या दारात एकट्या माणसाला उभं करणं काही बरं नव्हे. दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नरवर आमच्या, म्हणजे मामाच्या, उंच गड्याने हेड मारला आणि जाळी फुगली. मान वर करायची मला पूर्ण परवानगी होती.

सोमवारी कन्नडच्या तासाला पाठ केलेली कविता आली नाही. सरांनी विचारलं, "एल्ली होगिद्दी?" मी म्हटलं, "कोल्हापुरक्क, सर, मॅच." त्यांनी उभंच ठेवलं, पण तास संपल्यावर दारात थांबून मराठीत विचारलं, "गोल किती झाला?"

पी.टी.च्या सरांनी मात्र पुढचं काम केलं. कपाटातला जुना चामडी बॉल मोच्याकडून शिवून आणला, आत नवा ब्लॅडर घातला, चोवीस फूट टेपने मोजून दोन बांबू रोवले आणि वर सुतळी बांधली. त्या दिवशी कीपर व्हायला कुणी तयार होईना. वाद मात्र संपले, कारण सुतळी हलली की सगळ्यांना दिसायचं.

बांबूंच्या जागी आता नवी इमारत आहे आणि ती हवीच होती. उरलेल्या मैदानासाठी आमच्या बॅचने लोखंडी गोलपोस्टची जोडी द्यायची ठरवली आहे. वेल्डरला माप गेलं आहे. जागा कमी आहे, जरा लहान करा, असा निरोप समितीकडून आलाय. माप कमी होणार नाही. खड्डे कुठे खणायचे तेवढं सांगा, खिडक्यांना जाळ्या आम्हीच बसवून देतो.