काकांची बस आणि मागचा काटा

एअर ब्रेकच्या गाडीचा मालक गॅरेजात आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "रिले व्हॉल्व्ह गेलाय." रिले म्हणजे पायाच्या ब्रेकची हवा मागच्या चाकांना पोचवणारी आणि पाय काढला की ती एक्झॉस्टने बाहेर सोडणारी झडप. कुणीतरी मिस्त्रीने त्याला तसं सांगितलेलं असतं. मिस्त्रीचंही चूक नाही म्हणा. गाडीखाली वाकलं की रिलेच्या एक्झॉस्टमधून हवा सुसू करताना ऐकू येते, हाताला लागते. एवढा पुरावा मिळाल्यावर पुढे कोण बघतो?

हे काकाही तसेच आले. फरक एवढाच की त्यांनी रिले व्हॉल्व्ह आधीच दोनदा बदलून घेतला होता आणि हवा तरीही जातच होती.

माझं गॅरेज कोल्हापूरजवळ पुलाच्या शिरोलीला, हायवेला लागून. एअर ब्रेक आणि एअर सस्पेन्शन एवढंच काम करतो, इंजिनाला हात लावत नाही. ट्रॅव्हल्सच्या बसा, खडीचे टिपर, सीझनला उसाचे ट्रक. 2021 मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं, तेव्हापासून घर केलेल्या गाड्याही अधूनमधून दिसतात, पण त्या बहुतेक लहान आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या. काकांची गाडी मोठी होती. 2006 सालची, हवेच्या रबरी फुग्यांच्या सस्पेन्शनची, रात्रीच्या लाइनीवर धावलेली जुनी बस. सीटा काढून आत पलंग, ओटा, सिंक, फ्रीज, बाथरूम. काका बँकेतून रिटायर झालेले. काकू आणि ते पुण्याहून गोव्याला निघाले होते आणि आंबोलीचा घाट उतरायच्या आधी ब्रेकची खात्री करून घ्यावी म्हणून माझ्याकडे वळले होते. हा शहाणपणा सगळ्यांना असता तर घाटातले निम्मे अपघात टळले असते.

तक्रारी दोन. गाडी चालताना कॉम्प्रेसर सारखा हवा भरत राहतो, त्याला उसंत नाही. आणि रात्री आठ किलो प्रेशर ठेवून झोपलं की सकाळी काटा शून्यावर. मग इंजिन चालू करून हवा चढायची वाट बघायची, तोवर हँडब्रेक सुटत नाही आणि शेजारच्या तंबूतली माणसं धुराला वैतागून बाहेर येतात. काकांनी वही दाखवली. तारीख, रात्रीचं प्रेशर, सकाळचं प्रेशर, सगळं रकाने आखून. फक्त प्रत्येक रकान्यात एकच आकडा होता, आणि त्यांच्या मीटरवर काटे दोन.

"दुसरा काटा कुठला पाहिला नाही का काका?"

"अहो, मला वाटलं दोन्ही एकच दाखवतात."

गाडी ठीक असते तेव्हा दाखवतातच. बिघडली की वेगळे होतात. कॉम्प्रेसरची हवा ड्रायरमधून, म्हणजे तिच्यातलं पाणी शोषणाऱ्या डब्यातून, फोर-सर्किट व्हॉल्व्हला येते. त्याच्या अंगावर आकडे ओतलेले असतात, 21, 22, 23, 24. पहिल्या दोन म्हणजे पायाच्या ब्रेकच्या पुढच्या-मागच्या लाइनी, 23 हँडब्रेकची, 24 बाकी किरकोळ कामांची. एक लाइन फुटली तर उरलेल्यांमध्ये काही हवा राखून ठेवायची, हे त्या व्हॉल्व्हचं काम. त्यामुळे सकाळी कुठला काटा किती उतरलाय हे कळलं तर अर्धी गाडी तपासायची वाचते. वहीत तेवढंच नव्हतं.

गाडी झुकत होती का, हे विचारलं. नाही, सरळ उभी राहते म्हणाले. म्हणजे फुगे आणि त्यांची उंची राखणारे लेव्हलिंग व्हॉल्व्ह बाजूला ठेवता आले. वाटेत एकाने चारही मागचे फुगे बदलायला सांगितलं होतं. फुग्यातली हवा गेली असती तर गाडी त्या कोपऱ्यात बसली असती, हे सांगायला मिस्त्री लागत नाही.

मग चालू असतानाची तक्रार घेतली. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, चासीखाली घोड्या, म्हणजे लोखंडी टेकू लावले. फुग्यांवर उभ्या असलेल्या गाडीखाली घोडीशिवाय जायचं नाही, हा माझ्याकडचा नियम. पोरांना पहिल्या दिवशी पाना देण्याआधी हा देतो. हवा पूर्ण भरून इंजिन बंद केलं आणि काकांना हँडब्रेक सोडायला सांगितला. रिलेच्या एक्झॉस्टमधून सुसू सुरू. "आता हँडब्रेक ओढा." फुस्स झालं आणि सुसू थांबली. परत सोडायला लावला, परत सुरू.

इथेच दोन रिले व्हॉल्व्ह फुकट गेले होते. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये दोन खोल्या असतात. एकीत पायाच्या ब्रेकची हवा येते. दुसरीत जाड स्प्रिंग असते, तिला हँडब्रेकची हवा दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. या दोन खोल्यांमधलं सील झिजलं की हँडब्रेकची हवा पायाच्या ब्रेकच्या खोलीत शिरते, पाइपातून उलटी चालत रिलेपर्यंत येते आणि त्याच्या एक्झॉस्टने बाहेर पडते. रिले बिचारा फक्त दार उघडं ठेवून बसलेला असतो, त्याचं कामच ते आहे. रिलेचंच सील गेलं असतं तर हँडब्रेक ओढल्यावरही आवाज आला असता.

चेंबर दोन, त्यातलं कुठलं हे शोधायला पायाच्या ब्रेकचा पाइप दोन्हीकडे सोडवला. डावीकडे काही नाही. उजवीकडे उघड्या तोंडावर अंगठा ठेवला तर हवा अंगठा ढकलत होती. काकांनाही ठेवायला लावला. खाली वाकून, चष्मा सावरत त्यांनी ठेवला आणि म्हणाले, "एवढंच होतं?"

चेंबर मी उघडत नाही, आख्खंच बदलतो. त्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचं बळ दाबून बसवलेलं असतं. आधी मागून बोल्ट घालून स्प्रिंग आवळून धरायची, मगच चेंबर चाकावरून उतरवायचं. क्लॅम्प खोलून आतलं सील बदलून देणारे लोक आहेत, स्वस्तात देतात. ते करताना मी शेजारी उभा राहत नाही.

नवीन चेंबर बसलं, कॉम्प्रेसर शांत झाला. टाक्यांचं पाणी सोडलं तर दुधासारखं, तेल मिसळलेलं निघालं. इतके महिने उसंत न मिळालेल्या कॉम्प्रेसरचं तेच होतं. ड्रायरचा कार्ट्रिजही बदलला.

काका बिल विचारायला लागले. म्हटलं, थांबा, हा तुमचा रात्रीचा आजार नव्हे. रात्री हँडब्रेक ओढलेला असतो, तेव्हा ते सील गळूच शकत नाही. सकाळी शून्य दाखवणारी गळती वेगळी आहे.

दुपारभर पोरांनी शाम्पूचं पाणी मारत मागची सगळी लाइन धुऊन काढली. टाकी, ड्रेन कॉक, फूट व्हॉल्व्ह, रिले, प्रत्येक युनियन. एक बुडबुडा नाही. ऊन चांगलं होतं आणि जुनं रबर उन्हात गपगुमान बसतं, हा डिसेंबरातला नेहमीचा अनुभव. गार पडलं की तेच आकसतं. म्हटलं, आज इथेच मुक्काम करा. त्यांना काय, घर बरोबरच होतं. काकूंनी आम्हा सगळ्यांना पिठलं-भात वाढला, वर पोरांकडून झणझणीत ठेचाही मागून घेतला, जो पुण्याच्या माणसाने मागावा याचं मला अजून नवल आहे.

पहाटे उजाडायच्या आत गेलो. काका जागेच होते, बॅटरी घेऊन मीटरसमोर. पुढचा काटा निम्म्याच्या थोडा वर थांबलेला, मागचा पार तळाला. म्हणजे मागचीच लाइन, शंकाच नको. पण तिच्यावर तर काल एक जोड सोडला नव्हता.

"काकू, रात्री काही आवाज येतो का हो?"

"आवाज म्हणजे, उंदीर आहे ना आमच्याकडे. पहाटे सिंकखाली चिकचिक करतो. पिंजरा लावलाय, पण सापडत नाही मेला."

सिंकखालचं दार उघडलं. पिंजरा होता, त्यात वाळलेला भजीचा तुकडा. मागची प्लायची फळी चार स्क्रूंवर होती, ती काढली. तिच्यामागे काळी नायलॉन पाइप, ओट्याच्या कोपऱ्यात जोरात वाकवून पितळी पुश फिटिंगमध्ये खुपसलेली. इंजिन चालू करून हवा भरली आणि शाम्पूचं पाणी मारलं. साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक फुगायला लागले. काकू वाकून बघत होत्या. "हाच का तो उंदीर?" म्हणाल्या आणि पिंजरा उचलून बाहेर ठेवला.

पाइप बाथरूमच्या मैलाटाकीच्या हवेवर चालणाऱ्या झडपेकडे जात होती. बॉडीवाल्याने ती कापली होती पकडीने, तिरकी. पुश फिटिंगमधली ओ-रिंग पाइपभोवती सगळीकडून सारखी बसली तरच हवा धरते. तिरकं, खरवडलेलं टोक आणि वर वाकल्याचा ताण, मग ती दिवसा कशीबशी धरते आणि गारठ्यात सोडून देते. हे मी समजून घेईन. घाईचं काम, होतं. पण त्याने ही हवा घेतली होती कुठून, तर मागच्या ब्रेकच्या टाकीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लावून. 24 नंबर हाताशी असताना. शौचालयाची झडप आणि चाकांचे ब्रेक एका टाकीवर! वर ती लाइन कुठल्याही नकाशात नाही, गाडीखालून दिसत नाही, म्हणून आम्हाला बाहेरून सापडणार नव्हतीच. जुन्या गाडीत घर बांधायला माझी हरकत नाही, बांधणाऱ्याने ब्रेकच्या टाकीला हात लावला की मात्र माझं डोकं फिरतं.

टी काढून टाकीचं तोंड प्लगने बंद केलं. लाइन 24 वर नेली, मध्ये एक छोटा कॉक टाकला, पाइप कटरने सरळ कापून मोठ्या वळणाने फिरवली. बाकी काम पोरांनी जेवायच्या आत उरकलं.

काका आणखी एक रात्र राहिले. घाट उतरायचा तर आकडे बघूनच, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलं. वहीत आता दोन रकाने. रात्री आठ-आठ, सकाळी दोन्ही काटे 7.6 वर. काकांचं तोंड पडलं. "पॉइंट चार गेलाच की हो." मी म्हटलं, हवा भरली तेव्हा टाकी गरम होती, पहाटे गार झाली, बंद टाकीतली हवा गार झाली की प्रेशर उतरतं, त्याला गळती म्हणत नाहीत. बँकेच्या माणसाला ते काही पटेना. मग इंजिनाला हात न लावता दुपारपर्यंत थांबायला सांगितलं. ऊन टाक्यांवर आलं तसे काटे आपोआप 7.8 वर चढले. काकांनी तेही वेळेसकट लिहून घेतलं आणि मग पैसे काढले.

निघताना त्यांनी डिकीतून दोन रिले व्हॉल्व्ह काढून आणले, आधी बदललेले. भंगारात किती येतील विचारत होते. बाकावर लावून दोन्ही तपासले, दोन्ही ठणठणीत. स्पेअर म्हणून ठेवा म्हटलं. काकूंनी ते कापडात गुंडाळून पलंगाखालच्या खणात टाकले.