कापसाचं अनुदान आणि भिंतीवर न लागलेली यादी

2023 च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी राज्य सरकारने 2024 मध्ये मदत जाहीर केली. 0.2 हेक्टरच्या आत सरसकट 1000 रुपये, त्याच्यावर क्षेत्राच्या प्रमाणात हेक्टरी 5000, तेही 2 हेक्टरपर्यंतच. यवतमाळ जिल्ह्यात आमचं वावर आहे. सातबाऱ्यावर आई, काका आणि आत्या. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलच्या अॅपवर पिकाची नोंद, मीच वावरात उभं राहून केली होती. त्या अॅपमध्ये गावातल्या कोणत्या खातेदाराची पाहणी झाली हे कुणालाही बघता येतं, झालेली नावं हिरवी दिसतात. आईचं नाव हिरवं होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या यादीत मात्र आमच्यापैकी कुणीच नाही.

कृषी सहायक म्हणाले, "भाऊ, वरून आली तेवढी यादी लावली. पाहणी महसूलची आहे, तलाठ्याले विचारा." तलाठी म्हणाले, "आमच्या नोंदी गेल्या. पैसे काय आम्ही वाटतो?" दोघंही खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत. नोंद एका खात्याची, पैसे दुसऱ्या खात्याचे, आणि नाव कुठे अडकलं ते सांगायची जबाबदारी कुणाचीच नाही.

मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि पोच घेतली. अशा अर्जात 'आमचं अनुदान का आलं नाही' असं विचारू नये. ती तक्रार ठरते आणि अर्ज बाजूला पडतो. मी कागद मागितले: गावाच्या सगळ्या लाभार्थी याद्या, आणि वगळलेल्या नावांची कारणं ज्यात नोंदली असतील तो अभिलेख. खरं म्हणजे अनुदान योजनांच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागताच जाहीर करायचा असतो, 2005 च्या कायद्याचं कलम 4 तेच सांगतं.

महिना भरत आला तेव्हा उत्तर आलं. पानाला 2 रुपये भरून प्रती घेतल्या आणि उलगडा झाला. याद्या दोन होत्या, वैयक्तिक खातेदारांची वेगळी आणि सामायिक खातेदारांची वेगळी. भिंतीवर पहिलीच लागली होती. दुसरी कार्यालयातच राहिली, आणि आम्ही तिच्यात होतो. मी झेरॉक्स काढून ती स्वतःच भिंतीवर चिकटवली. संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर गर्दी. आपलं नाव शोधणारे होते, तसे दुसऱ्याचं क्षेत्र वाचून "याच्या वावरात कपाशी कवा होती?" म्हणणारेही होते. एकाने तर यादी फाडायची धमकी दिली. गावात चार लोकांनी वाचण्याइतकी कडक तपासणी दुसरी नाही, असं माझं मत.

सामायिक खात्याला एकाच्या नावे पैसे घ्यायचे तर बाकीच्यांचं ना-हरकत पत्र लागतं. काकांनी लगेच सही केली. आत्या वर्ध्याकडे दिलेली. कागद बघताच तिने हात मागे घेतला. "सही केली तं माहा हिस्सा गेला म्हून समज." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, बहिणींच्या सह्या हक्कसोडीसाठीच घेतल्या जातात हे तिने आयुष्यभर पाहिलंय. कागद दोनदा वाचून दाखवला. शेवटी तिने स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, 'फक्त कापसाच्या पैशासाठी', आणि मग सही केली. कार्यालयात त्यावर कुणी हरकत घेतली नाही.

संमतीपत्र, आधारची प्रत, ई-केवायसी हे सगळं सेवा केंद्रात एका बैठकीत उरकलं. पैसे जमा झाल्याचं दिसत होतं, पासबुकात काही नाही. लाडकी बहीणसाठी आईने घाईत दुसरं खातं उघडलं होतं आणि आधार तिकडे जोडलं गेलं होतं; पैसे तिथे पडले होते. 1.20 हेक्टरचे 6000. आत्याचा वाटा तिला पोचता केला.

वगळलेल्यांच्या कारणांबद्दल मात्र 'अभिलेख उपलब्ध नाही' एवढंच उत्तर आहे. शेजारच्या काकूंचं नाव दोन्ही याद्यांत नाही. त्यांच्यासाठी 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलंय.